माल आणि बारदान : जालावरील उपयोजने वापरकर्त्याच्या संगणकावर उतरविण्याचा इतिहास, लासलगावच्या संदर्भात

कांद्याच्या व्यापारात ‘बारदान’ हा शब्द नित्याचा आहे. तो मूळचा फारसी. ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘दान’ म्हणजे ठेवण्याचे पात्र. कलमदान, पिकदाणी, अत्तरदाणी या शब्दांतून हाच प्रत्यय मराठीत रुळलेला दिसतो. निफाड तालुक्यातील लासलगावच्या बाजारआवारात कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अथवा पिकअप गाडीतून मोकळाच येतो, आणि लिलावही मोकळ्या मालाचाच होतो. खरेदी झालेला माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेला, त्याची निवड व प्रतवारी झाली, म्हणजे मगच तो गोणीत भरला जातो. आवारात विकावयाच्या मालाला बारदान लागत नाही. दूर पाठवावयाच्या मालाला ते लागते. आणि एकदा बारदान आले की त्याचे वजन, त्याची किंमत व त्याची टिकाऊपणाची मर्यादा हे तिन्ही प्रश्न मालाबरोबर प्रवास करू लागतात.

संगणकाच्या क्षेत्रात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत असाच एक प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे. ब्राउझरच्या खिडकीत चालणारा प्रोग्रॅम, ज्याला वेब-उपयोजन म्हणतात, तो मुळात दूरच्या सर्व्हरवर असतो. वापरकर्त्याकडे प्रत्येक वेळी त्याची तात्पुरती प्रत येते, काम होते, आणि खिडकी मिटली की वापरकर्त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. हा प्रोग्रॅम बांधून, वेष्टनात घालून, वापरकर्त्याच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर कायमचा उतरविता येईल काय, हा तो प्रश्न होय. त्याची उत्तरे अनेकांनी दिली. पैकी बरीच अल्पायुषी ठरली. ती का अल्पायुषी ठरली हे तांत्रिक ग्रंथांतून सहसा वेगवेगळ्या कारणांनी सांगितले जाते. परंतु मराठी लिपीच्या संगणकावरील इतिहासाशेजारी हा इतिहास ठेवून पाहिला असता त्या अपयशांमागे एकच सूत्र दिसू लागते. उपयोजन ‘उतरविणे’ ही क्रिया एक नसून अनेक आहेत. प्रोग्रॅमची संहिता उतरविणे, ती संहिता चालविणारे यंत्र उतरविणे, तिला लागणारी माहिती उतरविणे, आणि त्या सर्वांत बदल करण्याचा अधिकार उतरविणे, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणजे चौथी साधली असे समजणे ही या क्षेत्रातील नित्याची चूक होय.

लासलगावपासून आरंभ करण्याचे कारण असे की येथे ही वाट उलट दिशेने चालली गेली. येथील बाजार समिती १९४७ सालची. मुंबई इलाख्याचा १९३९ चा कृषि-उत्पन्न बाजारांविषयीचा कायदा तिच्या आधीचा, तर महाराष्ट्राचा १९६३ चा अधिनियम तिच्या नंतरचा. निफाड व विंचूर येथे तिची उपआवारे आहेत. मध्य रेल्वेचा मुंबई-भुसावळ मार्ग गावाला लागून गेल्यामुळे माल दूर जाण्याची सोय होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथील भावाची वार्ता दूर जात होती. देशातील कांद्याच्या दराचा अंदाज लासलगावच्या दरावरून बांधण्याची प्रथा पडली ती या वार्तेमुळे. संगणकापूर्वी ही वार्ता तारेने, ट्रंक कॉलने, वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणीच्या बाजारभावांतून जात असे. या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती. नोंद जागेवर होई. वार्ता मागाहून प्रवास करी. आवारातील वहीत आकडा आधी चढे, तार नंतर जाई. तार गेली नाही तरी लिलाव थांबत नसे.

मार्च २००० मध्ये केंद्र सरकारच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाने राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या साहाय्याने ‘अ‍ॅगमार्कनेट’ ही बाजारमाहितीची योजना हाती घेतली. तिच्यात बाजार समित्यांना संगणक मिळाले. दिवसाची आवक आणि दर यांची नोंद त्या जागच्या संगणकावर करावयाची, आणि दिवसातून एकदा टेलिफोनच्या तारेवरून ती पुढे पाठवावयाची, अशी ती पद्धती होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि पुढील कित्येक वर्षे ते टेलिफोनच्या तारेवरूनच मिळत असे. जोडणी चालू असेपर्यंत कॉलचा आकार चढत राही. म्हणून काम आधी मेजावर उरकावयाचे, मग जोडणी करावयाची, पाठवावयाचे आणि लगेच तोडावयाचे, ही त्या काळातील सर्वांचीच शिस्त होती. अर्थात् मेजावरचा प्रोग्रॅम ही त्या काळची स्वाभाविक अवस्था होती, आणि जाल हे केवळ टपालासारखे होते. पुढे जोडणी अखंड व स्वस्त झाली, तेव्हा हळूहळू नोंदीचा तक्ताच सर्व्हरवर गेला. मेजावर उरली ती ब्राउझरची खिडकी.

या स्थित्यंतराचे मोल मोजताना एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘जोडणी नसताना चालणारे’ साधन ग्रामीण भागास विशेष उपकारक, असे सरसकट म्हटले जाते. पण २००५ नंतरची काही वर्षे ज्यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन अनुभवले त्यांना ठाऊक आहे की त्या काळी तारेच्या आधी मेजच बंद पडे. वीज नसता डेस्कटॉपवरील प्रोग्रॅम आणि सर्व्हरवरील प्रोग्रॅम दोन्ही सारखेच निरुपयोगी. या अडचणीवर खरा उपाय डेस्कटॉपने दिलाच नाही. तो बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलने दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन माहितीची वाहतूक स्वस्त झाल्यावर शेतकऱ्याच्या दृष्टीने बाजारभाव पाहण्याचे स्थान फोन हेच झाले. तेव्हा डेस्कटॉपवर साधन उतरविण्याचा प्रश्न आज शेतकऱ्याचा उरलेला नाही. तो उरला आहे समितीच्या कचेरीचा, भुईकाट्यावरील नोंदणीचा, व्यापाऱ्याच्या हिशोबपट्टीचा. म्हणजे जेथे दिवसभर एकाच मेजावर बसून मराठीत नोंदी कराव्या लागतात अशा जागांचा. कोणत्याही तालुक्याच्या गावी ही मेजे सापडतील.

आता मराठीत नोंदी करावयाच्या म्हटले की लिपीचा प्रश्न येतो, आणि तो या इतिहासाचा सर्वांत बोधक भाग आहे. डेस्कटॉपवर काही उतरविल्यावाचून मराठी पडद्यावर दिसतच नाही, अशी स्थिती प्रदीर्घ काळ होती. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलेले ‘जिस्ट’ तंत्र आरंभी चक्क एका कार्डाच्या रूपाने संगणकाच्या आत बसवावे लागे. ते बसविले की डीबेस वा वर्डस्टार यांसारखे इंग्रजीसाठी रचलेले प्रोग्रॅमही देवनागरीत चालू लागत. लिपी ही येथे खरोखरच हाताने उचलून यंत्रात ठेवण्याची वस्तू होती. पुढे कार्डाची जागा फाँटांनी घेतली. प्रत्येक मुद्रणसंस्थेची, प्रत्येक विक्रेत्याची अक्षरसंकेतांची योजना निराळी. १९९१ चे भारतीय मानक इस्की अस्तित्वात असतानाही ती निराळीच राहिली. १९९५ नंतर मराठी वर्तमानपत्रे जालावर येऊ लागली तेव्हा वाचकाला प्रथम त्या त्या वर्तमानपत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे, तेव्हाच कोठे बातमी वाचता येई. फाँट नसेल तर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अगम्य खच समोर येई.

या अवस्थेचे वर्णन ‘गैरसोय’ एवढ्याच शब्दात केले जाते, ते अपुरे आहे. तेथे माल सर्व्हरवर होता आणि बारदान वाचकाच्या मेजावर. दोहोंचा संबंध एका खासगी संकेताने जोडलेला होता. तो संकेत ज्याच्या मालकीचा त्याने फाँट देणे बंद केले की जुना सर्व मजकूर मुका होई. मराठीचा त्या काळातील कितीतरी मजकूर असा मुका झालेला आहे, आणि तो पुन्हा बोलका करावयाचा तर एकेका फाँटाचे रूपांतरक लिहावे लागतात. युनिकोडने हा संकेत सार्वजनिक केला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीचा विभाग इस्कीच्या आधारे आखलेला आहे. पण संकेत सार्वजनिक झाला तरी जोडाक्षरे जुळविणारे यंत्र वापरकर्त्याकडे असावेच लागते. विंडोज २००० मध्ये मंगल फाँटासह ते प्रथम आले. विंडोज एक्सपीतही ते आपोआप चालू नसे, जटिल लिपींसाठीची एक खूण करून ते निराळे बसवावे लागे. ती खूण ज्याने केली नाही त्याला ‘क्ष’ च्या जागी क, हलन्त आणि ष असे तुटलेले अवयव दिसत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे न जाता पुढेच राही.

हे ध्यानात ठेवून आता वेब-उपयोजने डेस्कटॉपवर आणण्याच्या प्रयत्नांकडे वळावे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर ‘अ‍ॅक्टिव्ह डेस्कटॉप’ आणले. त्यात वेबपान मेजाच्या पार्श्वभूमीवर चिकटविता येई. ते शोभेचेच अधिक होते. १९९९ मधील पाचव्या आवृत्तीबरोबर मात्र ‘एचटीएमएल अ‍ॅप्लिकेशन’ हा प्रकार आला, आणि वेबपानाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम साध्या फाइलसारखा मेजावरून चालविता येऊ लागला. चालविणारे यंत्र विंडोजचेच असल्यामुळे त्याला बारदान असे नव्हतेच. ते यंत्र जसे बदलेल तसा प्रोग्रॅम बदले वा बिघडे. त्यावर लेखकाचा ताबा नव्हता.

२००७ हे या इतिहासातील गजबजलेले वर्ष होय. ३१ मे रोजी गूगलने ‘गिअर्स’ प्रसृत केले. त्यायोगे ब्राउझरला स्थानिक साठवण मिळाली आणि जोडणी नसतानाही काही उपयोजने चालू शकली. त्याच वर्षी मोझिलाच्या मार्क फिंकल यांनी ‘वेबरनर’ रचले आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे ‘प्रिझम’ असे नामकरण झाले. एका संकेतस्थळाला एक स्वतंत्र खिडकी व एक स्वतंत्र चिन्ह, एवढेच त्याचे काम. फेब्रुवारी २००८ मध्ये अडोबीचे ‘एअर’ आले आणि सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम ब्राउझर आला, ज्यात आरंभापासूनच संकेतस्थळाचा आडवाट-दुवा मेजावर ठेवण्याची सोय होती. यांपैकी प्रिझम व गिअर्स २०११ पर्यंत संपुष्टात आले. एअर बराच काळ टिकले, २०१९ मध्ये हार्मन या कंपनीकडे गेले, परंतु ज्या फ्लॅशच्या पायावर ते वाढले होते तो ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला गेला.

या सर्वांचे परीक्षण वर सांगितलेल्या चार गोष्टींच्या आधारे करावे. प्रिझमने खिडकी उतरविली. संहिता सर्व्हरवरच राहिली. गिअर्सने माहिती उतरविली, पण यंत्र गूगलचे, आणि गूगलने ते आवरते घेताच माहितीचे कोठार निराधार झाले. एअरने संहिता व यंत्र दोन्ही उतरविले, तथापि यंत्र खासगी. तिन्ही ठिकाणी चौथी गोष्ट, म्हणजे बदल करण्याचा अधिकार, दूरच राहिली. जुन्या मराठी फाँटांच्या इतिहासाशी याचे साम्य उघड आहे.

निर्णायक पाऊल पडले ते सारे यंत्रच बारदानात घालण्याने. इंटेलमध्ये काम करणाऱ्या रॉजर वांग यांनी २०११ मध्ये ‘नोड-वेबकिट’ रचले, आणि गिटहबमध्ये चेंग झाओ यांनी २०१३ पासून ‘अ‍ॅटम शेल’ उभारले. अ‍ॅटम नावाच्या लेखन-संपादकासाठी ते होते. २०१४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली आले, एप्रिल २०१५ मध्ये त्याचे नाव ‘इलेक्ट्रॉन’ झाले आणि मे २०१६ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघाली. यातील कल्पना धाडसाची, किंबहुना उधळपट्टीची होती. प्रत्येक उपयोजनाबरोबर क्रोमियम हा अख्खा ब्राउझर आणि नोड हे अख्खे कार्यतंत्र बांधून पाठवावयाचे. परिणामी दोन ओळींचा मजकूर दाखविणारे उपयोजनही शंभर मेगाबाइटांहून अधिक जागा व्यापते. पाव किलो कांद्यासाठी क्विंटलाची गोणी वापरावी तसा हा प्रकार. लोकांनी त्याची थट्टा केली आणि वापरलेही तेच. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादक, स्लॅक, मे २०१६ मध्ये आलेली व्हॉट्सअ‍ॅपची डेस्कटॉप आवृत्ती, ही सारी याच पद्धतीने बांधलेली होती. व्हॉट्सअ‍ॅपने विंडोजवर २०२२ मध्ये ते बारदान टाकून निराळी रचना स्वीकारली. ज्या अ‍ॅटमसाठी हे सारे निर्माण झाले तो डिसेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आला; इलेक्ट्रॉन मात्र मुक्त संहितेमुळे त्याच्या पश्चात चालू राहिले.

मराठीच्या दृष्टीने या उधळपट्टीत एक लाभ दडलेला होता, आणि तो फारसा कोणी नोंदविलेला दिसत नाही. क्रोमियमबरोबर ‘हार्फबझ’ हे अक्षरजुळणीचे यंत्रही येते. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाज’ म्हणजे खुले. ‘ओपनटाइप’ या नावाचे हे फारसी भाषांतर बेहदाद एस्फहबोद यांच्या प्रकल्पाने नाव म्हणून घेतले. जुन्या मराठीतील ‘हरफ’ हा शब्द तोच. ज्या उपयोजनाच्या बारदानात हे यंत्र आहे ते विंडोजच्या जटिल लिपींसाठीच्या खुणेवर अवलंबून राहत नाही. जोडाक्षरांची जुळणी मालाबरोबरच प्रवास करते. ‘जिस्ट’चे कार्ड जसे पूर्वी यंत्रात बसवीत, तसेच ते आता प्रत्येक उपयोजनाच्या पोटात, न सांगता, न विचारता, बसलेले असते. फाँट तेवढा प्रायः संगणकाचाच वापरला जातो; उपयोजनकर्त्याने मनावर घेतले तर तोही बरोबर बांधता येतो.

बारदान हलके करण्याचे प्रयत्न अर्थातच झाले. जून २०२२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या ‘टॉरी’मध्ये ब्राउझर बांधलेला नसतो, संगणकात जो असेल तोच वापरला जातो आणि गठ्ठा काही मेगाबाइटांवर येतो. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ‘वेबव्ह्यू २’ दिले ते याच कामाचे. दुसरीकडे २०१५ मध्ये अ‍ॅलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरीमन यांनी ‘प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप’ हे नाव रूढ केले. त्यात बारदान बांधावयाचेच नाही, ब्राउझरनेच ‘सर्व्हिस वर्कर’ या मध्यस्थामार्फत आवश्यक ते जवळ ठेवून घ्यावयाचे. ही पद्धत सुटसुटीत खरी. परंतु जवळ ठेवलेली प्रत ब्राउझरच्या मर्जीवर राहते. जागा कमी पडली की ती काढून टाकण्याचा हक्क त्याने राखून ठेवलेला असतो. कोठार भाड्याचे असावे तशी ही स्थिती आहे.

कोठाराचा उल्लेख आला म्हणून एक भेद येथेच स्पष्ट करणे युक्त. लासलगावच्या परिसरात कांद्याचे दोन वर्ग व्यवहारात मानतात. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतो आणि कांदाचाळीत ऑक्टोबरपर्यंत, क्वचित् त्यापुढेही, टिकतो. खरिपाचा लाल कांदा व त्यापाठोपाठचा रांगडा निघाल्यावर लवकर विकावाच लागतो. चाळीत तो सडतो. माहितीचेही असेच आहे. शब्दकोश, ज्ञानकोश, कायद्याची संहिता, अक्षरजुळणीचे नियम हा साठवणुकीचा माल. बाजारभाव हा साठवणुकीचा माल नव्हे. सकाळच्या लिलावाचा दर दुपारच्या लिलावापूर्वीच शिळा होऊ लागतो. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले किंवा डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली तेव्हा तर एका सूचनेने सारे दर बदलले. अशा दराची प्रत मेजावर ठेवून देणारे उपयोजन उपकारापेक्षा अपकारच अधिक करील, विशेषतः त्या प्रतीवर दिनांक व वेळ ठळकपणे लिहिलेली नसेल तर. म्हणून ‘सर्व काही जोडणीविना चालावे’ ही मागणी विचारपूर्वक केलेली नाही. कोणता माल चाळीत घालावयाचा हे आधी ठरले पाहिजे.

साठवणुकीच्या मालाचे उत्तम उदाहरण ‘किविक्स’ हे होय. २००७ मध्ये इमान्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदाँ यांनी सुरू केलेल्या या साधनाने विकिपीडिया एका बंद गठ्ठ्यात बांधून कोणत्याही संगणकावर जोडणीविना वाचण्याची सोय केली. १ मे २००३ रोजी आरंभ झालेला मराठी विकिपीडियाही या रूपात उतरवून घेता येतो. येथे संहिता, यंत्र आणि माहिती या तिन्ही गोष्टी मेजावर येतात, आणि परवाने मुक्त असल्यामुळे चौथीही येते. उलट उदाहरण मराठी टंकलेखनाचे आहे. गूगलने आरंभी जालावर चालणारे लिप्यंतराचे साधन दिले होते. रोमन अक्षरांत ‘kanda’ च्या धर्तीवर लिहावे आणि ‘कांदा’ उमटावा. डिसेंबर २००९ मध्ये तेच साधन डेस्कटॉपसाठी बांधून दिले, आणि त्यात मराठीही होती. कचेऱ्यांतून, छापखान्यांतून, शाळांतून ते पसरले. इन्स्क्रिप्टचा कळफलक न शिकलेली एक पिढी त्याच्यावरच मराठी लिहू लागली. २०१८ च्या सुमारास गूगलने विंडोजसाठीचा तो गठ्ठा देणे बंद केले. ज्यांच्याजवळ जुना गठ्ठा जपलेला होता त्यांचे काम चालू राहिले आणि हातोहात प्रती फिरल्या. पण त्यात सुधारणा करणारे कोणी नव्हते, कारण संहिता खुली नव्हती. मे २०१९ च्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने मराठीसाठी ध्वन्यनुसारी कळफलक अंतर्भूत केला तेव्हा ती उणीव पुष्कळ अंशी भरून निघाली. तरीही एका परकीय कंपनीच्या निर्णयाने मराठी लिहिण्याची रोजची सवय अधांतरी लोंबकळू शकते, हे त्या दरम्यानच्या काळात दिसून आले.

याहून सूक्ष्म प्रश्न शब्दांचा आहे, आणि तो भाषाभ्यासकांच्या अधिक जवळचा आहे. लासलगावच्या आवारात मालाचे वर्णन करताना ‘उन्हाळ’, ‘लाल’ यांबरोबरच ‘गोल्टी’ आणि ‘खाद’ हे शब्द सर्रास वापरले जातात. गोल्टी म्हणजे आकाराने लहान कांदा; खाद म्हणजे डागी, बिघडलेला. यांचा दर निराळा पुकारला जातो आणि निराळा लिहिला जातो. राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे रकाने असून जात वा प्रत या रकान्यात लाल, उन्हाळी, पांढरा, पोळ, लोकल अशी नावे येतात. आवारातील ‘उन्हाळ’ तेथे ‘उन्हाळी’ होतो. विशेषणाचा बोलीतील अविकारी घाट जाऊन प्रमाणभाषेचा घाट येतो. गोल्टीचा दर किमान दरात मुरून जातो, की तो मुळी धरलाच जात नाही, हे तक्ता पाहून कळत नाही. वहीच्या काळी लिहिणारा समास सोडून बाजूला ‘गोल्टी’ असे लिहू शकत होता. सर्व्हरवरील तक्त्यात निवडीची यादी आधीच ठरलेली असते; यादीत नाही तो शब्द नोंदविता येत नाही. आणि हा तक्ता उद्या देखण्या बारदानात बांधून मेजावर आणून दिला, जोडणीविनाही तो चालू लागला, तरी यादी जर दूर कोठे ठरत असेल तर या बाबतीत काहीच बदललेले नसेल. अधिकार उतरविणे म्हणतात ते हे. यादीत एक शब्द घालण्याची मुभा समितीच्या लेखनिकाला असणे, हे दीडशे मेगाबाइटांच्या यंत्रापेक्षा मोलाचे आहे, आणि तांत्रिक दृष्ट्या ते अत्यंत सोपे आहे.

शेवटी अक्षरांच्या रूपाविषयी एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. मराठी लेखनाच्या प्रमाणीकरणासाठी महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निर्णय काढला व २०२२ मध्ये तो सुधारला. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे मराठीची म्हणून मानली गेली आहेत. युनिकोडात मात्र ‘ल’ एकच. मराठी रूप आणि हिंदी रूप यांना निराळे संकेतांक नाहीत. ज्या फाँटांत दोन्ही रूपे ठेवलेली असतात त्यांत कोणते उमटावे हे त्या मजकुराची भाषा कोणती म्हणून घोषित केली आहे यावरून हार्फबझ ठरविते. वेबपानाच्या संहितेत भाषेची ही घोषणा एका लहानशा खुणेने होते. उपयोजनाचा सांगाडा सहसा इंग्रजीतून तयार केलेला असतो, आणि बांधणी करताना त्या सांगाड्यावरील ‘इंग्रजी’ ही खूण तशीच राहून जाते. आतला मजकूर सारा मराठी, जुळणीचे यंत्र बरोबर, फाँटही कदाचित योग्य. तरी पडद्यावर हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. लासलगाव या नावात तो दोनदा येतो.